दुबळ्या टोर्नेडोच्या मागे दोन उन्हाळे

हार्लेममध्ये कोणाच्याही घरी फराळाला चार मराठी माणसं जमली की माझा नवरा निनाद हळूच पिल्लू सोडून देतो, "मुक्ता आधी काय करायची माहितीये का? ट्रक घेऊन टोर्नेडोच्या मागे फिरायची." झुइडास नावाच्या ऑफिसांच्या भागातल्या बँकांचं सॉफ्टवेअर सांभाळणारी मंडळी चकलीवरून मान वर करतात. हॉलंडमध्ये टोर्नेडो? मग मला सांगावंच लागतं. सांगायला बसलं की एकातून दुसरं निघत जातं. या कामात टोर्नेडो दिसतो दोन मिनिटं आणि वाट बघावी लागते अख्खे दिवस. रिपोर्टात फक्त ती दोन मिनिटं लिहायची असतात. बाकीचं सगळं माणसाच्या डोक्यात साठत जातं.

२००५ आणि २००६ चे उन्हाळे. मी इथल्या एका विद्यापीठात पीएच.डी. करत होते. विषय होता दुबळ्या टोर्नेडोच्या आतला वारा. ढगाच्या पोटातून एक सोंड खाली येते. गंमत म्हणजे डच लोकही तिला सोंडच म्हणतात. अमेरिकेतल्यासारखी ती गावं उडवून नेत नाही. कौलं, झाडं, एखादी शेड घेते आणि पाच-दहा मिनिटांत विरून जाते. तिच्यातला सगळ्यात जोराचा वारा जमिनीपासून किती उंचीवर असतो, हे आम्हाला शोधायचं होतं. त्यासाठी ट्रकवर बसवलेलं रडार होतं. रडारचा झोत बॅटरीच्या उजेडासारखा लांब जाईल तसा पसरतो, आणि सोंड असते जेमतेम चाळीस-पन्नास मीटर रुंद. म्हणजे तिच्यापासून दोन किलोमीटरच्या आत जाऊन उभं राहिलं तरच काही कळणार. आणि ट्रक आम्हाला दोनच उन्हाळ्यांपुरता मिळाला होता.

आम्ही चौघं होतो. योस्ट माझा गाईड, पन्नाशीचा, मोजकं बोलणारा. मरैका ऑफिसात बसून हवामानाचे नकाशे बघायची आणि आम्ही कुठे जायचं ते फोनवर सांगायची. रडारच्या स्क्रीनसमोर मी. आणि ट्रक चालवायला हेंक, आयुष्यभर दुधाचा टँकर चालवून रिटायर झालेले. इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, मीही तोंडावर हेंकच म्हणायचे. पण मनात ते हेंककाका होते, म्हणून इथेही तसंच सांगते.

*

पहिला किस्सा माझ्या फजितीचा.

कामाचा दुसराच आठवडा. फ्लेवोलांडच्या सपाट शेतांमध्ये ट्रक उभा होता आणि पाऊस असा की काचेतून स्वतःच्या ट्रकचं नाक दिसेना. योस्ट त्या दिवशी ऑफिसात होता. रडारच्या स्क्रीनवर जवळ येणारी गोष्ट हिरवी दिसते आणि लांब जाणारी लाल. हिरवं आणि लाल एकमेकांना चिकटून दिसलं की समजायचं, तिथे काहीतरी फिरतंय. सहा महिने मी ती जोडी फक्त पुस्तकात पाहिली होती. आणि त्या दिवशी अचानक समोर एक जोडी उमटली. मग तिच्या शेजारी दुसरी. मग तिसरी.

मी हेंककाकांना म्हटलं इंजिन सुरू करा, कदाचित पळावं लागेल. त्यांनी कॉफीचा थर्मास बंद केला आणि किल्ली फिरवली. मी योस्टला फोन लावला.

तो शांतपणे म्हणाला, "किती आहेत?"

"सात."

"एका रांगेत?"

मी बघितलं. एका रांगेत होत्या.

"सारख्या अंतरावर?"

मी स्क्रीनवर बोट ठेवून अंतरं मोजायला लागले. तो म्हणाला, पाऊस थांबला की खिडकीतून बघ आणि मग फोन कर.

दहा मिनिटांनी पाऊस थांबला. समोर सात पवनचक्क्या आपली पाती सावकाश फिरवत उभ्या होत्या. हेंककाकांनी इंजिन बंद केलं, थर्मास पुन्हा उघडला आणि म्हणाले, "सावकाश मोज. या पळून जात नाहीत."

*

जुलैमध्ये एका गोठ्यावरून खरी सोंड गेली, पण आम्ही तिथे नव्हतो. दुसऱ्या दिवशी नुकसान बघायला गेलो. काय कुठल्या दिशेला पडलंय त्यावरून वारा कसा फिरला ते कळतं.

गोठ्याचा मालक साठीचा, उंच, हात खिशात घालून उभा होता. छपराचे पत्रे पार शेजारच्या शेतातल्या चरात पडले होते. गोठ्यापासून तीसेक पावलांवर दोरीवर कालच्याच चादरी वाळत होत्या, चिमट्यांसकट जागच्या जागी. मी वहीत नकाशा काढत होते आणि तो माणूस माझ्या मागून मागून चालत होता. योस्ट त्याला समजावून सांगत होता की ही तशी अरुंद होती, दुबळ्या प्रकारातली, आम्ही अशाच दुबळ्या सोंडांचा अभ्यास करतो.

तो माणूस थांबला. म्हणाला, "हा शब्द तुम्ही वापरता? दुबळी?"

योस्ट म्हणाला, हो, शास्त्रात तसं वर्गीकरण आहे.

माणसाने बोट करून गोठ्याची भिंत दाखवली. त्याची बायको काल तिथे दूध काढायच्या मशीनपाशी होती. एक पत्रा आत आला. आज ती हॉस्पिटलमध्ये आहे, खांद्याचं ऑपरेशन उद्या आहे, हात पुन्हा वर जाईल की नाही ते अजून कुणी सांगत नाही. हे सगळं त्याने आवाज न चढवता सांगितलं. मग म्हणाला, "तुम्ही तिला भेटायला गेलात तर तो शब्द बाहेर ठेवून जा."

योस्ट शनिवारी हॉस्पिटलमध्ये जाऊन आला, हे मला पुष्कळ दिवसांनी मरैकाकडून कळलं. काय बोलला ते तिलाही माहीत नव्हतं. माझ्या थीसिसच्या शीर्षकात 'दुबळा' आहे, कारण शास्त्रात दुसरा शब्द नाही. पण योस्टच्या तोंडून तो मी पुन्हा ऐकला नाही.

*

मरैकाचा किस्सा छोटा आहे.

ती फोनवर आम्हाला रस्ता सांगत होती. डावीकडे घ्या, कालव्याच्या पुढे जा, ढगांची ओळ तुमच्या उत्तरेला आहे, दक्षिणेकडे काही नाही. तिचा आवाज नेहमी रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखा, एका पट्टीत. मध्येच ती दोन सेकंद थांबली. मग पुन्हा त्याच पट्टीत म्हणाली, दोन किलोमीटर पुढे पार्किंग आहे, तिथे उभे राहा, तोंड वायव्येला. आम्ही पोचून ट्रक लावेपर्यंत ती लाईनवर होती. मग म्हणाली, "आता मी दहा मिनिटं फोन ठेवते. मला पीटला शोधायचंय."

पीट तिचा नवरा. गावाबाहेर त्यांचा भाड्याचा भाजीचा वाफा होता, लाकडी खोपट्यासकट. आम्हाला रस्ता सांगत असताना तिच्या दुसऱ्या फोनवर शेजारणीचा मेसेज आला होता की खोपटं उडालं, पीट दिसत नाही. दक्षिणेकडे काही नाही असं तिने ज्या दिशेबद्दल सांगितलं, नेमक्या त्याच दिशेला.

त्या दहा मिनिटांची पंचवीस झाली. आम्ही तिघं पार्किंगमध्ये फोनकडे बघत बसलो. आकाशाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मग फोन वाजला. पीट बागेच्या कडेच्या चरात, गळ्यापर्यंत चिखलात, सुखरूप सापडला होता. सोंड येताना दिसली तेव्हा त्याने सरळ उडी मारली होती.

मरैका म्हणाली, "खोपटं गेलं. टोमॅटो ठीक आहेत." मग घसा खाकरून, "तुमच्या उत्तरेला आता काही उरलं नाही. घरी या." तेवढं बोलून तिला रडू आलं आणि फोन बंद झाला.

*

रडारची तबकडी उभी असताना ट्रक हलवायचा नाही, हा नियम. उंची इतकी वाढते की पहिल्याच पुलाला धडकेल. काम झालं की मोटर ती आडवी करते. त्या ऑगस्टमध्ये एका दुपारी मोटर जळली. तबकडी उभी, आजूबाजूला मैलभर सपाट गवत, आणि पश्चिमेकडून विजा येताहेत. त्या गवतात सगळ्यात उंच वस्तू आमचीच होती.

हाताने फिरवायला एक हँडल असतं, पण ते छपरावर. योस्ट जायला निघाला. त्याला नुकताच कमरेचा त्रास झाला होता आणि छपरावरची जागा अशी की बारीक माणसालाच वाकता येईल. मी म्हटलं, मी जाते. योस्ट शिडी धरून उभा राहिला.

हेंककाका दार उघडं ठेवून केबिनमध्ये बसले. म्हणाले, वीज दिसली की मी आकडे मोजतो. गडगडाट होईपर्यंत जितके सेकंद, ते ओरडून सांगतो. दहाच्या खाली आलं की सगळं टाकून खाली यायचं.

वर जनरेटरच्या आवाजात गडगडाट वेगळा ओळखू येत नव्हता, फक्त मोठ्याने ओरडलेलं तेवढं पोचायचं. तोंड तबकडीकडे, कानावर रेनकोटची टोपी, हँडल घट्ट. पंचाऐंशी वेळा फिरवायचं होतं. उजेड लखकन व्हायचा, मी फिरवत राहायचे, आणि खालून हेंककाकांचा आवाज यायचा, "बारा!" पुन्हा उजेड, पुन्हा "बारा!" एकदा "तेरा!" मला धीर आला. वादळ आहे तिथेच आहे, असं मला वाटत होतं. पंचाऐंशीव्या वेढ्याला तबकडी टेकली, मी शिडीवरून घसरतच खाली आले आणि आम्ही निघालो.

केबिनमध्ये नोंदींसाठी एक टेपरेकॉर्डर कायम चालू असायचा. दुसऱ्या दिवशी मी वेळा लिहून घ्यायला टेप लावली. त्यात हेंककाकांचं स्वतःशी हळू मोजणं स्पष्ट ऐकू येत होतं. एक, दोन, तीन, चार, आणि गडगडाट. मग मोठ्याने, "बारा!"

पुढच्या वेळी एक, दोन, तीन.

"बारा!"

मी टेप घेऊन त्यांच्याकडे गेले. रेकॉर्डर त्यांच्यासमोर आदळून टेप लावली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाले, "तीन म्हटलं असतं तर तू घाईघाईने उतरायला गेली असतीस. ओली शिडी होती. आणि उतरून जाणार कुठे होतीस?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, की ते रात्रभर झोपले नव्हते.

*

दुसऱ्या उन्हाळ्यात माझी आई पुण्याहून तीन महिने आली होती. तिला आम्ही सांगून ठेवलं होतं की मी कॉम्प्युटरवर वाऱ्याचा अभ्यास करते. खोटं नव्हतं ते.

एकदा तिचं बीपी दाखवायला निनाद तिला घेऊन आमच्या डॉक्टरांकडे गेला. तिथे टेबलावर स्थानिक पेपर पडला होता. पहिल्याच पानावर फोटो: काळाकुट्ट ढग, ट्रक, आणि ट्रकच्या शिडीवर चढणारी पाठमोरी बाई. आईला डच येत नाही. तिने फोटो बघितला आणि विचारलं, "ही कोण?"

निनाद म्हणाला, असेल कुणी डच बाई.

आई म्हणाली, "डच बाईकडे मी विणलेली कानटोपी कुठून आली?"

निनादने मला लगेच फोन करून हे सांगितलं. बाबा गेल्यानंतर आईची मी एकटीच. संध्याकाळी मी घरी आले. जेवताना तिने एवढंच विचारलं की गाडी कोण चालवतं, आणि त्यांना मुलं आहेत का. मी म्हटलं, दोन मुली आहेत. ती "बरं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक मला घ्यायला आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर आला, तर आई स्वेटर घालून माझ्या आधी खाली. हातात डबा, त्यात थालीपीठं आणि लोण्याची वाटी. ती सरळ हेंककाकांच्या खिडकीपाशी गेली, डबा वर दिला आणि मराठीत बोलायला लागली. थांबेचना. हेंककाका खिडकीतून वाकून, तिच्या तोंडाकडे बघत, सगळं ऐकत होते. शेवटी तिने हात जोडले, तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

निघाल्यावर त्यांनी विचारलं, आई काय म्हणाली. मला ते डचमध्ये सांगताच येईना. म्हटलं, गाडी हळू चालवा म्हणाली.

"नाही," हेंककाका म्हणाले. "खूप मोठं होतं ते." आणि पुढच्या पुलापर्यंत त्यांनी ट्रकचा वेग वाढवला नाही.

*

आता शेवटचा. हा मी सगळ्यांना सांगत नाही.

दुसऱ्या उन्हाळ्याचा शेवट, सप्टेंबर. दहा दिवसांनी ट्रक परत जाणार होता. तोवर आम्हाला चार सोंडा दिसल्या होत्या, चारही लांबून, चारही धूसर. माझ्या थीसिसमध्ये पवनचक्क्या सोडून स्पष्ट असं काही नव्हतं.

सकाळी अकराच्या सुमाराला आम्ही एन्खौझनहून लेलिस्टाडला जाणाऱ्या बंधाऱ्यावर होतो. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना पाणी. पाणी अजून उन्हाळ्याचं उबदार, वर उत्तरेची थंड हवा. मरैका म्हणाली होती, आज झालं तर तिथेच होईल. बंधाऱ्याच्या कडेला एक थांबा आहे, तिथे ट्रक लावून चारही लोखंडी पाय टेकवले. ट्रक समपातळीत नसेल तर रडारचं मोजमाप चुकतं.

आणि ती आली. आधी पाण्यावर एक पांढरट वर्तुळ, मग वरून सोंड. स्क्रीनवर हिरवं आणि लाल, इतकं जवळ जवळ आणि इतकं स्वच्छ की मी दोनदा डोळे पुसले. तीन किलोमीटर. अडीच. दोनच्या आत. प्रत्येक फेरीत मी झोत थोडा खाली आणत होते, आणि जितकं खाली तितका वारा जोराचा. योस्ट माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. आणखी दोन मिनिटं, आणि अगदी पाण्यालगतचं सगळं आमच्या हातात येणार होतं.

मग सोंड वळली आणि बंधाऱ्याकडे निघाली. ती रस्ता ओलांडणार होती आमच्या पुढे, शंभरेक मीटरवर.

केबिनमधून हेंककाकांचा आवाज आला, "मागून कॅरॅव्हान येतायत. पाच."

शाळा सुरू झाल्या की इथली रिटायर झालेली माणसं गाडीला कॅरॅव्हान, म्हणजे चाकांवरची छोटी खोली, जोडून फिरायला निघतात. आत सामान थोडं, बाकी सगळं पोकळ डबडं. साध्या वाऱ्यानेही ती आडवी झालेली हेंककाकांनी याच बंधाऱ्यावर पाहिली होती. मी म्हटलं, मी धावत जाऊन हात दाखवते.

"हात दाखवला तर लोक उलट हात दाखवतात," ते म्हणाले. "ट्रक आडवा घालायला हवा. पाय वर घ्यायला चाळीस सेकंद. योस्ट?"

पाय वर घेतले की रडार बंद. तबकडी आडवी करायला वेळ नव्हता, पण इथे धडकायला पूलही नव्हता. योस्टने स्क्रीनकडे बघितलं. मग पुढच्या काचेतून बाहेर. माझ्या खुर्चीवरचा त्याचा हात निघाला. "मुक्ता," तो म्हणाला. एवढंच.

पाय उचलायचं बटण माझ्या हाताखाली होतं. मी लगेच दाबलं असं सांगायला मला आवडलं असतं. मी आधी चालू असलेली फेरी पूर्ण होऊ दिली. सहा सेकंद. मग दाबलं.

पाय वर यायला लागले. मोटरचा तो कण्हल्यासारखा आवाज मला अजून ऐकू येतो. हेंककाका एका हाताने हॉर्न दाबून बसले होते. शेवटचा पाय उचलला जाताच ट्रक धक्का खाऊन निघाला आणि रस्त्यावर आडवा झाला. पहिली गाडी आमच्यापासून दहा-बारा पावलांवर कर्कश आवाज करत थांबली. मागच्या चार एकामागून एक थांबल्या. पहिल्या गाडीतून सत्तरीचा एक माणूस लालबुंद चेहऱ्याने उतरला आणि ट्रककडे ओरडत यायला लागला.

तेवढ्यात ती रस्त्यावर चढली. आवाज आगगाडीसारखा असतो म्हणतात. मला तो पत्र्याच्या छपरावर खडी ओतल्यासारखा वाटला. रस्त्याकडेचा वाहतुकीचा फलक उपटून पाण्यात गेला. ट्रक एका बाजूला झुकला आणि पुन्हा बसला. काचेवर पाणी, शेवाळ, लव्हाळी. पंधरा-वीस सेकंद. मग ती पलीकडच्या पाण्यावर गेली, पातळ झाली आणि नाहीशी झाली. स्वच्छ ऊन पडलं.

तो म्हातारा माणूस ट्रकच्या बंपरला दोन्ही हातांनी धरून उभा होता. त्याची बायको गाडीतून उतरून त्याच्याजवळ आली. दोघं समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली. नंतर ती हेंककाकांच्या खिडकीखाली आली, वर बघितलं, आणि परत गेली. हेंककाकांनी ट्रक बाजूला घेतला. पाचही कॅरॅव्हान एकेक करून गेल्या.

पुढच्या वसंतात आम्ही एका जर्नलला पेपर पाठवला. बटण दाबायच्या आधी मिळालं होतं तेवढ्यावर माझा थीसिस उभा राहिला. पण एका परीक्षकाने विचारलंच: सोंड सगळ्यात जवळ असताना, नेमकी तीच काही मिनिटं डेटा नाही, हे फार नुकसानीचं आहे, रडारमध्ये बिघाड झाला होता का, ते स्पष्ट करावं.

मी दीड पान लिहिलं. कॅरॅव्हान, बंधारा, चाळीस सेकंद, सगळं. माझे सहा सेकंदसुद्धा. योस्टने ते दोनदा वाचलं, सगळ्यावर काट मारली आणि खाली आपल्या बारीक अक्षरात दोन ओळी लिहिल्या. त्याच तशाच छापून आल्या आहेत:

"रडारमध्ये बिघाड नव्हता. त्या वेळी ट्रक रस्त्यावर आडवा उभा होता."